तिला कुणी सांगितलंच नव्हतं

“तिला काढून टाका असं मी म्हणतच नाहीये, सर,” बास्केटबॉल संघाची कप्तान नाक पुसत म्हणाली. “फक्त माझ्या मागे मागे येऊ नको म्हणावं. मला आता कॉलेजात यायचीच भीती वाटते.”

प्राचार्यांनी अर्थशास्त्राच्या बाईंकडे पाहिलं. कप्तानच्या वर्गाची जबाबदारी त्यांच्याकडे होती.

जिच्याबद्दल हे चाललं होतं ती मुलगी बाहेर बाकावर आईशेजारी बसून, कानांवर हात दाबून पुढे-मागे झुलत होती. तिला स्वमग्नता आहे, हे आईने प्रवेशाच्या वेळीच सांगितलं होतं. अभ्यासात हुशार, माणसांच्या बाबतीत मात्र अडखळायची. सुरुवातीच्या दिवसांत कप्तानने एकदा सरकून तिला बसायला जागा दिली आणि तेव्हापासून ही तिची पाठ सोडेना. वर्गात, मैदानावर, बसथांब्यावर. मुलांनी तिचं नाव ‘सावली’ ठेवलं. काल ती कप्तानमागे स्वच्छतागृहाच्या दारापर्यंत गेली. संघातल्या मुलींनी अडवलं, एकीने दंड धरला, तशी ती किंचाळत सुटली आणि धरणारीच्या हाताला कडकडून चावली.

“मी तर कात्रीत सापडलोय,” प्राचार्य म्हणाले. “राहिलेलं वर्ष घरीच अभ्यास करू दे. परीक्षेला येईल. तिच्याच भल्याचं आहे.”

बाई कप्तानकडे वळल्या. “तू तिला कधी ‘नको’ म्हणालीस?”

“कितीदा! ती विचारायची, उद्या तुझ्याबरोबर बसू? मी म्हणायचे, बघू. तुझ्या घरी येऊ? बघू. अजून कसं सांगायचं, मॅडम? तोंडावर नाही म्हटलं तर वाईट दिसतं.”

“बघू म्हणजे नाही, हे आपल्याला कळतं गं. तिला कसं कळावं? ती बिचारी रोज बघायला येत होती.”

बाईंनी प्राचार्यांकडे पाहिलं.

“मला तिच्याशी बोलू द्या, सर. घरी पाठवायचं ते मग ठरवा.”

रिकाम्या वर्गात बाईंनी आधी खडखडणारा पंखा बंद केला. मुलगी पहिल्या बाकावर बसली, आई दारात उभी राहिली.

“ती तुझी मैत्रीण नाही,” बाई म्हणाल्या.

“पण तिने जागा दिली होती.”

“दिली होती. चांगली मुलगी आहे ती. पण तुझी रोजची सोबत तिला नको आहे. तिच्या मागे जायचं नाही. वर्गात नाही, थांब्यावर नाही, कुठेच नाही.”

“ती ‘बघू’ म्हणाली.”

“बघू म्हणजे नाही.”

मुलगी फळ्याकडे बघत राहिली. “नेहमी?”

“बहुतेक वेळा.”

“मग ‘नाही’ का म्हणत नाहीत?”

“समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून.”

“मला आत्ता वाटतंय,” ती म्हणाली. आवाज सपाट होता, डोळ्यांतलं पाणी मात्र हनुवटीपर्यंत आलं होतं. ते पुसायचं तिला सुचलं नाही. दारातली आई तोंड फिरवून उभी राहिली.

“आणि चावायचं नाही. कुणी धरलं तर ‘हात सोड’ म्हणायचं. तुला धरायचं नाही, हे त्या मुलींनाही मी सांगणार आहे.”

मुलीने मान हलवली. जिला चावली होती तिची तिने त्याच दुपारी माफी मागितली. त्या मुलीनेही “मी धरायला नको होतं” म्हटलं. बाईंनी हे प्राचार्यांच्या कानावर घातलं.

“बघू,” ते म्हणाले आणि बाईंचा चेहरा पाहून घाईघाईने पुढे बोलले, “म्हणजे, हो. येऊ दे तिला.”

संध्याकाळी बाईंनी मैत्रिणीला फोन लावला. ती याच कॉलेजात भाषा शिकवायची. दोघींनी नोकरीभर एका टेबलावर डबा खाल्ला होता. निवृत्त झाल्यावर ती लेकीकडे, दुसऱ्या शहरात राहायला गेली होती.

“सुट्टीत येऊ का गं तुझ्याकडे?” बाईंनी विचारलं.

“बघू गं. कळवते तुला.”

मागच्या सुट्टीतही तिने हेच म्हटलं होतं. तेव्हा बाईंनी माळ्यावरून बॅग खाली काढून, पुसून ठेवली होती. फोन ठेवून त्या बराच वेळ ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. चहाचं पाणी आटून गेलं.

मुलीने शब्द पाळला. कप्तान समोरून आली की ती भिंतीला पाठ लावून थांबायची आणि तिला जाऊ द्यायची. हळूहळू कप्तानच जाता जाता “कशी आहेस?” विचारू लागली. “बरी आहे,” म्हणून मुलगी जागेवरच उभी राहायची. तिला ‘सावली’ म्हणायचं कारणच आता उरलं नव्हतं. कँटीनमध्ये मात्र ती कोपऱ्यातल्या टेबलावर एकटीच जेवायची. काचेतून ते दिसलं की बाई जाता जाता थांबायच्या. आपण खरं बोललो, पण तिच्या हातातलं काढून घेतलं आणि बदल्यात काही दिलं नाही, असं त्यांना वाटायचं.

एके दिवशी त्या डबा घेऊन तिच्यापाशी गेल्या.

“इथे बसू का?”

मुलीने नीट विचार केला. “आज नको. आज मला एकटीला बसायचंय. उद्या बसा.”

“उद्या नक्की?” बाईंच्या तोंडून निघून गेलं.

“उद्या म्हटलं ना,” मुलगी म्हणाली आणि मान खाली घालून जेवू लागली.

बाई पलीकडच्या टेबलाशी गेल्या. डब्याचं झाकण काढून, एकट्याच, सावकाश जेवल्या.