राज्यमंत्र्यांच्या हातातला धोटा

मित्रांनो, मी एक जुना धोटा आहे. मागावरच्या उभ्या धाग्यांमधून आडवा धागा घेऊन जो इकडून तिकडे धावतो, तो मी. हातभर लाकूड, दोन्ही टोकांना पोलादी चोच आणि पोटात सुताची कांडी, एवढाच माझा संसार. आजवर मी दोन दात, एक ट्यूबलाइट आणि एक डोळा फोडला आहे. ट्यूबलाइट चुकून फुटली.

माझा जन्मच मारहाणीतून झाला. एका भल्या झाडाला कुऱ्हाडीने पाडले, करवतीने कापले, भट्टीत शेकले, रंध्याने सोलले आणि दोन्ही टोकांवर हातोड्याने पोलाद ठोकले. मग मला सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये, नऊ नंबरच्या मागावर, नोकरी लागली. तिथे उजवीकडची काठी मला मारी, की मी डावीकडे जाई. डावीकडची मारी, की उजवीकडे येई. मिनिटाला दीडशे फटके. तुम्हाला शाळेत एक छडी बसली तर तुम्ही घरी जाऊन सांगता. मी कोणाला सांगणार? मी टॉवेल विणत राहिलो. लोक टॉवेलला गालाशी लावून म्हणत, "काय मऊ आहे हो!"

नऊ नंबरवर मकदूमभाई होते. रोज सकाळी ते मला फडक्याने पुसत आणि माझ्या चोचीवर बोट ठेवून सांगत, "आज किसीकू मारना नक्को रे." मी शक्यतो ऐकत असे. नवे असताना सगळ्या मागांना पुढे लोखंडी जाळी होती. धोटा उसळला तर जाळीवर आपटून तिथेच पडे. पण जाळी असली की कांडी बदलायला वेळ लागतो. म्हणून मालकांनी चाळीसच्या चाळीस जाळ्या काढून भंगारात घातल्या.

एका मंगळवारी दुपारी धाग्यांचा गुंता झाला आणि त्याच क्षणी काठीने मला हाणले. मी उडालो. उडताना फार बरे वाटते, खोटे कशाला सांगू? चार हात हवेतून गेलो आणि मकदूमभाईंच्या उजव्या डोळ्यात घुसलो. ते ओरडलेसुद्धा नाहीत. दोन्ही हातांनी मला धरून खाली बसले. अर्धवट विणलेल्या गुलाबी टॉवेलवर रक्त सांडले. मालक धावत आले आणि म्हणाले, "टॉवेल बदला."

टॉवेल बदलला. रजिस्टरमध्ये लिहिले गेले, 'कामगार घरी न्हाणीत पाय घसरून पडला. नळाची तोटी डोळ्याला लागली.'

आमच्या शेडमध्ये एक रीत आहे. रक्त काढलेला धोटा पुन्हा मागावर चढवत नाहीत. माग दुरुस्त करणाऱ्या सिदू जॉबरने मला धुतले, हळद फासली आणि फडक्यात गुंडाळून कोनाड्यात ठेवले. अशा रीतीने मी निवृत्त झालो. मकदूमभाईंना मालकांनी फाटकावर राखणदार केले. एका डोळ्याने राखण होते, असे मालकांचे मत होते. आणि घर चालावे म्हणून मकदूमभाईंची लेक शाइस्ता कांड्या भरायला येऊ लागली. तिचे स्टूल नऊ नंबरच्या बरोबर समोर होते.

तिची आई अजीजा रोज डबा घेऊन येई. डबा शाइस्ताला देई आणि सिदूला गाठी.

"सिदूभाऊ, नऊ नंबरला जाळी बसवा की. माझी पोरगी समोर बसतीया."

"वैनी, मी काय मालक हाय व्हय?"

"मग मालकाला सांगा."

"सांगितलं की. ते म्हनत्यात, तसा कायदा न्हाय."

"कायदा यायला आनखी किती डोळं लागत्यात, तेवढं इचारून ठेवा."

सिदू कोनाड्याकडे बघे आणि पाना घेऊन दुसऱ्या मागाखाली शिरे.

अशात नातेपुत्याचे धनाजीराव दिल्लीत समाजकल्याण आणि कामगार खात्यांचे राज्यमंत्री झाले आणि आमचा कारखाना पाहायला आले. सोलापुरात पाहुण्याला चादर देतात. पण धनाजीरावांकडे तोवर एकशे बारा चादरी जमल्या होत्या. मालकांना काहीतरी वेगळे हवे होते. ते सिदूला म्हणाले, "चांदीचा रंग मारून धोटा फळीवर बसव. तासाभरात. आणि माग बंद करायचा नाही हं!" चालू मागाचा धोटा काढला तर माग बंद पडणार. सबंध शेडमध्ये बिनकामाचा धोटा एकच होता. सिदूने मला कोनाड्यातून काढले, क्षणभर हातात धरले आणि हळदीवरच रंग मारला. डिंकाने फळीवर चिकटवले. मी भेटवस्तू झालो.

दिल्लीत मी धनाजीरावांच्या टेबलावर राहू लागलो. माणूस वाईट नव्हता. घसा मोठा, काम छोटे. वृद्धांच्या पेन्शनवरच्या चर्चेत ते उठले आणि म्हणाले, "मोठ्या मंत्रिसाहेबांशी मी सहमत आहे." शाळेतल्या खिचडीवर म्हणाले, "माहिती गोळा केली जात आहे." अपंगांच्या प्रश्नावर ते उठून उभे राहिले आणि घसा खाकरला, तोच सभागृह तहकूब झाले. हे त्यांचे सर्वांत गाजलेले भाषण. परत आले की ते मला टेबलावर दाणदाण आपटत आणि म्हणत, "माझं कवा ऐकनार ही लोकं?"

मग कामगारांच्या सुरक्षेच्या विधेयकावर चर्चा लागली. मोठे मंत्री परदेशी होते. समोरच्या बाकावरच्या एका सदस्याने विचारले होते, 'सोलापूरच्या यंत्रमागांवर तीन वर्षांत किती कामगारांचे डोळे गेले?' प्रियदर्शनी नावाच्या अधिकारीबाईंनी धनाजीरावांच्या हातात चिठ्ठी दिली. चिठ्ठीवर 'शून्य' होते.

"शून्य? नक्की न्हवं?"

"सर, रजिस्टरमध्ये शून्य आहे."

धनाजीराव खूश झाले. त्यांनी मला फळीसकट कोटात घातले. आत जाताना मंत्र्यांची झडती घेत नाहीत, हे मला तेव्हा कळले.

"अध्यक्ष महोदय, शून्य!" धनाजीराव गरजले. समोरचे हसले. तेव्हा त्यांनी मला बाहेर काढले. "हसू नका! मी कामगारांचा माणूस आहे! हा धोटा त्यांनीच प्रेमाने दिलाय! हा अंग पुसायला टॉवेल विणतो, कोणाचा डोळा काढत नाही!"

अध्यक्ष म्हणाल्या, "वस्तू दाखवू नका. खाली ठेवा." धनाजीरावांनी मला ठेवले, पण आपटून. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा सिदूचा डिंक सुटला.

मित्रांनो, मी उडालो. प्रश्न विचारणाऱ्या सदस्याचे दोन दात घेऊन मी खाली पडलो. त्याने रक्त थुंकले, मला उचलले आणि परत फेकले. नेम चांगला होता. धनाजीरावांची उजवी भुवई हाडापर्यंत फाटली. मग सगळेच उठले. कोणी माईक उपटला, कोणी कोणाचे उपरणे गळ्याभोवती आवळले, एका पोक्त सदस्याने विधेयकाची जाडजूड प्रत दुसऱ्याच्या टाळक्यात घातली. कामगारांच्या सुरक्षेवरची चर्चा अशी तेरा मिनिटे चालली. बाके जमिनीला ठोकलेली होती म्हणून माणसे वाचली.

सगळा प्रकार कामकाजातून काढून टाकण्यात आला. पण भुवईवरचे सात टाके काढून टाकता येईनात. म्हणून संध्याकाळी पत्रक निघाले, 'माननीय राज्यमंत्री निवासस्थानी न्हाणीघरात पाय घसरून पडले.' धनाजीरावांनी ते तीनदा वाचले. तिसऱ्या दिवशी दोन्ही बाजूंच्या बाकांमध्ये जाळी बसवायचे ठरले. ठराव एकमताने मंजूर झाला.

अजीजाने ही मारामारी शाइस्ताच्या मोबाइलवर पाहिली. धनाजीराव सोलापूरला विश्रामगृहात उतरले, तशी ती मकदूमभाईंना घेऊन दारात उभी राहिली.

"साहेब, न्हाणीत पडला म्हनं?"

"व्हय," धनाजीराव भुवई चाचपत म्हणाले.

"आमचं हे बी न्हाणीतच पडलं. नळाची तोटी लागली."

मकदूमभाई म्हणाले, "आमच्या न्हाणीत नळच न्हाय, साहेब. बादली हाय."

धनाजीरावांनी मला सोबत आणले होते, मी टेबलावर होतो. मकदूमभाईंनी मला उचलले आणि नखाने चोचीमागचा चांदीचा रंग खरवडला. खालून हळद निघाली. "हा नऊ नंबरचा," ते एवढेच म्हणाले. मग त्यांनी मला रोजच्यासारखे शर्टाच्या टोकाने पुसले. धनाजीरावांनी एकदा त्यांच्या डोळ्याच्या खाचेकडे पाहिले, एकदा माझ्याकडे. पुढे काय बोलावे, ते कुठल्याच चिठ्ठीवर नव्हते.

"माफी नको," अजीजा म्हणाली. "माझ्या पोरीच्या स्टुलावर बसून दावा. एक तास."

ते मला घेऊन शेडमध्ये आले. शाइस्ता उठली आणि धनाजीराव बसले. समोर नऊ नंबर धडधडत होता, नवा धोटा फटके खात धावत होता. दर फटक्याला धनाजीरावांची मान मागे जाई. हात आपोआप डोळ्यावर येई.

"हात काढा, साहेब," शाइस्ता म्हणाली. "हात डोळ्यावर ठेवून कांड्या भरता येत न्हाईत."

त्यांनी हात काढला. अकरा मिनिटे टिकले. तेवढ्यात मालक चहा घेऊन आले. धनाजीराव उठले, मालकांची कॉलर धरली आणि त्यांना दाणकन स्टुलावर बसवले. चहा मालकांच्या मांडीवर सांडला.

"जाळ्या येईस्तोवर उठायचं न्हाय!"

"साहेब, कायदा..."

"उठला तर तंगडी मोडीन. ह्यो कायदा."

मालकांनी बसल्या जागेवरून फोन केला. जाळ्या दोन गाळे पलीकडेच बनत होत्या. संध्याकाळपर्यंत चाळीसही मागांना जाळी लागली. शेवटची नऊ नंबरला लावली, कारण मालक समोर बसले होते आणि सिदूला घाई नव्हती.

पुढच्या आठवड्यात धनाजीराव सभागृहात उठले. "अध्यक्ष महोदय, माझ्या उत्तरात शून्याच्या जागी एक वाचावे. त्या एकाचे नाव मकदूम. आणि मी न्हाणीत पडलो नव्हतो." त्यांचे हे एकच भाषण शब्द न् शब्द छापले गेले. चौथ्या दिवशी मंत्रिपद गेले. विधेयकावर अजून चर्चा चालू आहे.

मी पुन्हा कोनाड्यात आहे. सिदूने नवी हळद लावली आहे. परवा भिंतीपलीकडच्या शेडमध्ये एक धोटा उडाला. तिथले मालक कायद्याची वाट पाहत आहेत. आम्हाला आधी किंकाळी ऐकू आली, मग एक माग थांबल्याचे. बाकीचे चालूच होते. शाइस्ता कांडी टाकून पळत गेली. परत आली तेव्हा तिची ओढणी तिच्या खांद्यावर नव्हती, ती कोणाच्या तरी डोक्याला बांधून आली होती.

मित्रांनो, उडताना आम्हा धोट्यांना समोरचे दिसत नाही आणि मध्येच थांबताही येत नाही. तुम्हाला दोन्ही येते. पलीकडे अजून चोवीस माग उघडे आहेत. तेवढी जाळी लावा.