शून्य उंचीचा स्तंभ

मित्रांनो, या जगात खोटे बोलू न शकणारा एकच प्राणी आहे आणि तो म्हणजे मी. मी एक जुना स्तंभालेख आहे. जन्मल्यावर पहिल्याच मिनिटाला मी भर वर्गात जाहीर केले, की सव्वीस मुलांच्या चौथीत चारशे जणांना न्यायला आई येते. एका पठ्ठ्याने टॅबवर 'आई'ला बोट लावले ते उचललेच नव्हते. बाईंनी मला पुसून, एका नावाला एकच मत असे ठरवून, पुन्हा जन्माला घातले.

मला ना लाकूड लागले, ना खिळा. इंटरनेटवरच्या एका फुकट साइटवर बाईंनी प्रश्न लिहिला, 'शाळेतून न्यायला कोण येतं?' दर सोमवारी टॅब बाकाबाकावरून फिरे. मूल आपल्या नावापुढे बोट दाबी आणि प्रोजेक्टरच्या उजेडात भिंतीवर मी वाढे. "बाई, बाबांना मी वाढवलं!" असा ओरडा होई. मुख्याध्यापिका एकदा डोकावून म्हणाल्या, "वा! अगदी बँकेत आल्यासारखं वाटतंय." तो माझा सुवर्णकाळ.

अगदी कडेला 'आजोबा' हा स्तंभ होता. उंची एक. वर्गात आजोबा न्यायला येत ते एकाच मुलीला. नेमके तिथेच खिडकीतले ऊन पडे. मग ती उठून पडदा ओढी आणि म्हणे, "आधीच एवढेसे आहेत, त्यात दिसतही नाहीत!"

थंडीत ती आठ दिवस आली नाही. आली त्यानंतरच्या सोमवारी टॅब तिच्यापाशी गेला आणि तिने 'आजोबा' दाबले.

"बाई, ही खोटं दाबतेय!" वर्गाचा मॉनिटर उठला. "हिचे आजोबा वारले. ही आता एकटीच जाते."

सगळा वर्ग माझ्याकडे वळला. खोटे न बोलणारा मी, भिंतीवर एक उंचीचे खोटे घेऊन उभा होतो.

"एकटी दाबलं की ते निघून जातील," ती खाली बघत म्हणाली. "मावशी नाही का गेली?"

खरे होते. एकाची मावशी परगावी गेली, तिचा स्तंभ शून्यावर आला आणि मी तिचे नावही पुसून टाकले. माझी बनावटच तशी. मला त्याचे तोवर काही वाटलेही नव्हते.

बाई रागावल्या नाहीत. "थांब गं, बघू या," म्हणत माझ्या सेटिंगमध्ये शिरल्या. बराच वेळ शोधल्यावर एका कोपऱ्यात त्यांना ओळ सापडली, 'रिकामे स्तंभही दाखवा.' त्यांनी तिथे खूण केली.

"आता दाब."

तिने टॅब कितीतरी वेळ नुसताच धरला. मग 'एकटी' दाबले. 'आजोबां'चा एक खाली बसला. नाव राहिले, वर काहीच नाही. ती उठली आणि तिने पडदा ओढला.

"दिसतंय गं नाव," मॉनिटर हळूच म्हणाला.

पुढे मुले पाचवीत गेली. नव्या वर्गात वर्तुळालेख आले. गोल, रंगीत, जरा फुगलेलेच. मला कोणी विचारीना. वर्षभर न उघडलेले आलेख साइट काढून टाकते. गेल्या वर्षी कोणीतरी मला एकदाच उघडले. कोणी, ते मला कळत नाही. बोट मात्र 'आजोबां'वर बराच वेळ थांबले होते. यंदाचे वर्ष सरत आले आहे.

मित्रांनो, माहिती खरी भरा, हे तुम्हाला बाई सांगतीलच. मी एवढेच म्हणतो, की जो शून्यावर आला त्याचे नाव लगेच खोडू नका. जुना आलेख वर्षातून एकदा तरी उघडा. आणि उघडाल तेव्हा पडदा तेवढा ओढून घ्या. डाव्या बाजूची दोरी ओढा, उजवीकडची अडकते.