दुसऱ्यांदा विचारतील म्हणून

मुलाखतीला माझा नंबर येईपर्यंत हाताला इतका घाम सुटला होता की आत जाऊन हात मिळवायचा कसा, हीच पहिली धास्ती. विजयकुमार सर आमच्या वसमतच्या कॉलेजात सॉफ्ट स्किल्सचा तास घेतात. डोळ्यांत बघा, हसा, ताठ बसा. वर्षभर आम्ही मुली ताठ बसून एकमेकींकडे बघून हसलो. तेवढं मात्र पक्कं जमलं.

"करुणा, काहून घाबरून राहिली?" सर दाराशी म्हणाले. त्यांचाच आवाज कापत होता, मग मी घाबरू नको तर काय करू!

पुण्याच्या कंपनीला आमच्यातून एकच जण घ्यायची होती, हाताखालची माणसं सांभाळणारी. मला ती नोकरी पाहिजे होती. अगदी हावऱ्यासारखी पाहिजे होती.

आत सगळं ठीक चाललं. ओढणीला हात पुसून कंपनीच्या मॅडमशी मिळवला, हसले, हिशेबाचे प्रश्न आले तेही सुटले. मग मॅडम म्हणाल्या, "दहा जणांची टीम तुमच्यावर सोपवली तर सांभाळाल?"

"छे छे मॅडम, मला कुठलं जमतंय!" मी म्हणाले आणि मान खाली घालून थांबले.

आमच्याकडे पहिल्याच झटक्याला हो म्हणणारी बाई आगाऊ ठरते. माझी आई जनकाबाई बचत गटाची अध्यक्ष झाली तेव्हा दोनदा नको म्हणाली. बाया हात धरून बसल्या, तेव्हा कुठं तिनं मान डोलावली. तिला व्हायचंच होतं, हे सगळ्या जणींना ठाऊक होतं.

मॅडमनी काहीतरी लिहिलं. "थँक यू. पुढच्यांना पाठवा."

मी उठले. बाहेर सर घाईघाईनं जवळ आले. मी घडलं ते सांगितलं.

"बराबर बोललीस," सर खूश झाले. "मोठेपणा न्हाई दाखवला. आता परत विचारतील बघ."

"नाही विचारलं सर. जा म्हणाल्या."

सरांचा चेहरा उतरला. पहिल्यांदाच हो म्हणायचं, हे त्यांनी शिकवलं तरी कसं असतं? ते कळमनुरीचे, तीनदा म्हटल्याशिवाय चहाचा कप उचलत नाहीत. मला त्यांचा राग आला, स्वतःचा त्याहून जास्त.

पुढचा नंबर प्रतिक्षाचा होता. ती उठायच्या आत मी दार ढकललं.

"मॅडम, मला आणखी एकदा विचारा."

"आम्ही एकदाच विचारतो," त्या म्हणाल्या.

तोंडातून निघालं ते घरच्याच बोलीत निघालं.

"मंग न इचारताच सांगते. मला जमतंय. मला करायचंय."

मॅडमनी समोरच्या खुर्चीकडे हात केला.

"बसा."

मी लगेच बसले.