डोंगरकड्याजवळ थांबणारी मोटार

मित्रांनो, मुक्याच्या दुखण्याचा दोष जेव्हा बोलत्या माणसाच्या माथी येतो, तेव्हा न्याय करणाऱ्याची खरी परीक्षा असते. पुरावा हाती लागत नाही, म्हणून मनुष्य संशयालाच पुरावा मानू लागतो. असा एक हिवाळा मी पाहिला आहे.

मी एक जुनी, पेट्रोलवर चालणारी मोटार आहे. चाळीस वर्षांपूर्वी कुरुंद्याच्या तातेरावांकडे आले. मी हळदीचे बेणे वाहिले, नवरदेव मिरवले. तेव्हा माझे फार कौतुक झाले. पुढे नव्या गाड्या आल्या आणि मी पत्र्याखाली उभी राहू लागले. तरी चालक देविदास माझ्यावरून रोज फडके फिरवीत असे. बावीस वर्षे माझी किल्ली त्याच्यापाशीच होती.

गेल्या पौषात तातेरावांच्या पत्नी पद्माबाई यांच्या डोळ्यांच्या उपचारासाठी दर सोमवारी भल्या सकाळी हिंगोलीला जाणे सुरू झाले. ओलिताच्या रानांवर दाट धुके असे. पंधरा-वीस मिनिटे मी नीट धावे. मग डोंगरकडा गावाच्या अलीकडे माझा श्वास कोंडे आणि मी बंद पडे. दहा मिनिटांनी मात्र काहीच न झाल्यासारखी सुरू होई. मिस्त्रीने भर दुपारी तपासले. त्याला खोट सापडली नाही.

देविदासची लेक साधना डोंगरकड्यालाच दिलेली. दुसऱ्या सोमवारी तिने रस्त्याकडेच्या घरातून मला ओळखले आणि ती चहाची किटली घेऊन आली. तातेरावांनी चहा घेतला, पण त्यांची नजर बदलली. त्यानंतर मागच्या आसनावर शाल पांघरून ते देविदासचे पेडलवरचे पाय न्याहाळीत. टाकीचे झाकण उघडून पेट्रोल हुंगीत. तिसऱ्या सोमवारी मी पुन्हा तेथेच थांबले.

"देविदास, गाडी बराबर तुझ्या लेकीच्या गावापाशीच काहून बसते रे? हिला बी लेकीचा लळा लागला काय?"

"मालक, मी न्हाई बंद पाडत. आपसूक दम सोडून राहिली."

घरी येताच तातेरावांनी किल्ली मागून घेतली. पुढच्या सोमवारी आपण स्वतः मोटार नेऊ, आणि ती न थांबता पोचली तर देविदासने दुसरीकडे काम पाहावे, असे त्यांनी बजावले.

त्या सोमवारी तातेराव चाकाशी बसले. धुके तसेच होते. डोंगरकडा दिसू लागला आणि माझा श्वास कोंडला.

पद्माबाई शांतपणे म्हणाल्या, "आता तुमची कोणती लेक दिली हो या गावात?"

देविदासने काही तार सैल करून ठेवली असावी, या संशयाने तातेरावांनी तत्काळ बॉनेट उघडले. माझ्या कार्बुरेटरवर, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळतात त्या भागावर, पांढरे हिव साचले होते. त्यांनी बोट लावले. ते पाणी होऊन ओघळले.

मित्रांनो, कार्बुरेटरमध्ये पेट्रोलची वाफ होताना तो भाग अतिशय गार पडतो. धुक्यातली ओल आत येऊन तेथे गोठते आणि हवेची वाट अडते. त्याला पंधरा-वीस मिनिटे लागतात, आणि तोवर डोंगरकडा आलेला असतो. मी थांबले की इंजिनाच्या उबेने तो बर्फ वितळतो. खूण उरत नाही. हे टळावे म्हणून इंजिनाजवळची तापलेली हवा आणणारी एक नळी मला होती. तिची जागा मोकळी पाहून तातेरावांचा हात थबकला. दसऱ्याला माझी पूजा मांडताना ती गंजलेली, काळी नळी अशोभनीय वाटून त्यांनी स्वतःच काढली होती. धन्याच्या हातचे काम म्हणून देविदासनेही विचारले नव्हते.

पद्माबाई म्हणाल्या, "डॉक्टर दुपारी बी भेटतेत. आधी देविदासच्या दारी चला."

मागे फिरून, देविदासच्या दारात उभे राहून तातेरावांनी किल्ली पुढे केली. "चूक माझी हाय, देविदास. तुझी न्हाई."

देविदासने किल्ली घेतली. "नळी कुठं ठिवली, मालक? ती बसवल्याबिगर बाईला गारठ्यात न्यायचं न्हाई."

लेकरांनो, आम्हा जुन्या यंत्रांना हार घाला, पण आमचा कोणता अवयव कशासाठी आहे, हे आधी जाणून घ्या. आम्ही अडलो, तर शेजारच्या माणसाचा चेहरा वाचण्यापूर्वी आमच्या अंगाला हात लावून पाहा.

पद्माबाईंची दृष्टी निर्मळ होवो. तातेरावांचे मन निःशंक राहो. देविदासच्या हाताला यश लाभो, आणि साधनाच्या उंबऱ्याशी येणाऱ्याचे सदैव कल्याण असो.