नीरफणसाखालची बैठक

लेइसालेने फॉर्म चटईच्या मधोमध ठेवला आणि वाऱ्याने उडू नये म्हणून वर नारळाची करवंटी पालथी घातली. पोर्ट विलातलं विद्यापीठाचं कार्यालय चारला बंद होणार होतं. आज घरातल्या मोठ्याची सही झाली नाही, तर वर्ष हातचं गेलं.

"कायदा शिक," तिचे बाबा, कालोरिब, म्हणाले. "नुसता कायदा. कोर्टात उभी राहा आणि हे झाड मला मिळवून दे."

"फ्रेंचच पुढे शिक," झाडाच्या पलीकडून काल्मेतकाका म्हणाले. "कोर्टात माझा कागद वाचून दाखवायला कुणीतरी हवंच की."

"मला दोन्ही शिकायचंय. एकच पदवी आहे, पाच वर्षांची."

"दोन डगरींवर हात ठेवणारा मधल्या मध्ये पडतो," बाबा म्हणाले आणि काकांनी मान डोलावली. पंचवीस वर्षांत दोघा भावांचं एकमत झालं ते हे पहिलंच, आणि तेही तिच्या मुळावर आलं होतं.

आजोबांच्या काळी या बेटांवर इंग्रज आणि फ्रेंच, दोघांचं राज्य एकाच वेळी होतं. म्हातारा धोरणी. उद्या कुणाचं पारडं जड होईल सांगता येत नाही, म्हणून त्याने एक मुलगा इंग्रजी शाळेत घातला, दुसरा फ्रेंच. मुलगी तोउमाता कुठेच नाही, कारण चुलीपाशी कुणीतरी हवं होतं. वाटणीचा कागदही त्याने तसाच लिहवून घेतला, पहिलं पान इंग्रजीत, दुसरं फ्रेंचमध्ये. तो गेल्यावर भावांनी आपापल्याला वाचता येणारं पान उचललं आणि पुढे या झाडावरून दोघांचं फाटलं. घराण्याची रीत अशी, की ज्याच्या जागेत बैठक, त्याचा शब्द शेवटचा. जागा कुणाची तेच ठरत नव्हतं, त्यामुळे इथे कधी काही ठरलंच नव्हतं.

"कागद तरी दाखवा," लेइसाले म्हणाली.

दोघे त्याचीच वाट पाहत होते. बाबांनी खिशातून घडी काढली, काकांनी टोपलीतून. बाबांनीही आपल्या बापाचीच चाल खेळून तिला फ्रेंच शाळेत घातलं होतं. इंग्रजी ती घरात बोलणी खात शिकली होती. तिने पानं एकाखाली एक ठेवली.

बाबांच्या पानाची शेवटची ओळ होती, 'मधलं नीरफणसाचं झाड आणि त्याखालची जागा मी देतो'. पान तिथेच संपत होतं. ज्याच्या पानावर झाड, त्याचं झाड, असं बाबांचं म्हणणं. काकांच्या पानावर त्यांची हद्द समुद्रापासून झाडापर्यंत होती. त्याच्या वरची, पानाची अगदी पहिली ओळ ते जमेतच धरत नसत. बहिणीला एखादी डुकरीण दिली असेल, असं ते समजत.

ती ओळ होती, 'माझी मुलगी तोउमाता हिला, कायमचं'.

लेइसालेने दोन्ही ओळी घरच्या बोलीत सलग वाचल्या. निखाऱ्यांवर फळं भाजणारी तोउमाताआत्या वळली.

"परत वाच गं."

तिने परत वाचलं. आत्या उठली, येऊन चटईच्या मधोमध बसली. बैठकीत ती आजवर कधी बसली नव्हती.

"म्हणजे इतकी वर्षं माझ्याच झाडाची फळं मला भाजायला आणून देत होता," ती भावांना म्हणाली. "आणि वर म्हणायचात, तूही घे एक."

काका झाडाच्या शेंड्याकडे बघत राहिले. लेइसालेला हसू आवरेना. तिने तोंड फिरवलं.

"तुला दोन्ही शिकायचंय ना?" आत्याने विचारलं.

"हो, आत्या."

"मग दोन्ही शिक. जागा माझी आहे."

तिने करवंटी बाजूला सारली. आत्याला सही येत नव्हती. पण सकाळपासून फळांची करपलेली सालं काढून तिचा अंगठा काळा झालेला होता. तो तिने फॉर्मवर नीट दाबला. लेइसालेने कागद उचलून त्यावर फुंकर मारली आणि ती बसच्या रस्त्याकडे पळत सुटली.

मागे बाबांचा हात सवयीने भाजलेल्या फळाकडे गेला आणि अर्ध्यावरच थांबला.

"घेऊ का गं?" त्यांनी बहिणीला विचारलं.