सरदारांच्या वेशीतला दगड

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. व्हर्नाक गावात टेकडीवरून उतरणारा रस्ता जिथे एकदम वळतो, तिथे ओदीलबाईंच्या बेकरीच्या कोपऱ्याला मी थोडा जमिनीबाहेर आणि बराचसा जमिनीत उभा आहे. गाडीचे चाक भिंतीला घासू नये म्हणून आमच्याकडे घराच्या कोपऱ्याला असे दगड बसवतात. काम साधे आहे. पण या कामात जी मोठी माणसे माझ्या वाट्याला आली, त्यांच्याविषयी चार चांगले शब्द माझ्याकडे नाहीत. ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून तक्रार नको.

टेकडीमागच्या खाणीतून मला काढले ते गावच्या पाथरवटांनी, आणि वेशीत बसवले ते सरदार गोंत्रां यांच्या हुकमाने. हे गोंत्रां टेकडीवरच्या बुरुजात राहत. चर्चमध्ये त्यांची कबर आहे. तिच्यावर ते छातीशी तलवार धरून निजलेले दाखवले आहेत. ती पाहून लहान मुले घाबरतात, मला मात्र हसू येते. या शूर पुरुषाने जन्मभर लढाई केली ती मालगाड्यांच्या कण्यांशी, आणि तीसुद्धा मला पुढे करून.

युक्ती अशी होती. वेस मुद्दाम अरुंद ठेवलेली, आणि आतल्या अंधारात मला रस्त्यात जरासा पुढे काढून बसवलेला. व्यापाऱ्याची भरलेली गाडी आत शिरली की चाक माझ्यावर चढायचे, कणा काडकन मोडायचा आणि माल रस्त्यावर यायचा. सरदारांचा कायदा होता, ‘जमिनीला टेकलं, ते जमिनीच्या मालकाचं.’ मिठाची पोती गेली, लोकरीचे तागे गेले. एकदा लग्नाला निघालेले मधाचे रांजण फुटले, तर यांच्या नोकरांनी रस्ता चाटून काढायचा तेवढा बाकी ठेवला. दर वेळी गोंत्रां स्वतः खाली येत, व्यापाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवत आणि म्हणत, “अरेरे! देवाची मर्जी!” मला तेव्हा तोंड असते तर मी थुंकलो असतो.

त्यांची मुले-नातवंडे त्याच माळेचे मणी निघाली. शेवटी राजालाही हा त्रास असह्य झाला. त्याने फौज पाठवून बुरूज पाडला, वेस पाडली. त्या दिवशी सरदारघराण्याचा वारस बायकोचा झगा घालून मागच्या दाराने पळाला. त्याची कबर कुठे आहे, हे कुणी सांगत नाही.

पडक्या वेशीतले दगड लोकांनी घरोघर नेले. मला पाव भाजणाऱ्या एका माणसाने दोन बैल जुंपून या कोपऱ्यावर आणले. तेव्हापासून चाके मोडण्याऐवजी चाके वळवणे हे माझे काम झाले. माझ्या मागच्या भिंतीला लागूनच पावाची भट्टी आहे. ती भिंत गेली तर भट्टी गेली, आणि भट्टी गेली तर बेकरी गेली. इतक्या वर्षांत मी एकही चाक तिथवर जाऊ दिले नाही. म्हाताऱ्या बायका माझ्यावर टेकत, पोरे माझ्यावरून उड्या मारत. हिवाळ्यात भट्टीची ऊब माझ्यापर्यंत पोहोचायची. ते दिवस सुखाचे होते, हे मी कबूल करतो.

मग मोटारी आल्या. सरदारांचे वंशज तोवर झगा टाकून परत आले होते. त्यांच्यातल्या ओनोरे यांनी गावच्या रस्त्यांवरून मोटारींची शर्यत सुरू केली. मित्रांनो, मला ही शर्यत कधी कळली नाही. एवढा धूर, एवढा गोंगाट करून निघायचे, गावाला गरगर फेऱ्या घालायच्या, निघालो तिथेच परत यायचे आणि वर चांदीचा पेला घ्यायचा! घाण्याचे गाढवही दिवसभर हेच करते, पण त्याला कुणी पेला देत नाही. ओनोरे तर तीनदा माझ्यावर आदळले, आणि तिन्ही वेळा त्यांनी वर्तमानपत्रवाल्यांना सांगितले की मांजर आडवे आले. गावच्या कॅफेत त्यांचा फोटो आहे. मांजराचा नाही.

आता दर सप्टेंबरात जुन्या मोटारींची शर्यत होते. ओनोरेंचे नातू तांक्रेद आजोबांची निळी मोटार काढतात, आजोबांचा चष्मा लावतात आणि आजोबांसारखेच वळण चुकतात. यंदा त्यांनी निराळाच घाट घातला. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी ते हातात दारूचा पेला घेऊन बेकरीसमोर उभे राहिले. गाव जमला होता.

“मंडळी, हा दगड आमच्या पूर्वजांचा. जमिनीला टेकलं, ते जमिनीच्या मालकाचं, हा त्यांचा कायदा! काय डोकं होतं बघा!” लोक हसले. “असा ऐतिहासिक दगड कोपऱ्यात धूळ खात पडलाय. उद्या सकाळी तो चौकात हलवू, त्यावर आजोबांचा पुतळा बसवू. शिवाय वळणही मोकळं होईल.”

“म्हणजे खरं दुखणं वळणाचं आहे,” दारातून ओदीलबाई म्हणाल्या. त्यांच्या कोपरापर्यंत पीठ होते. “माझ्या भट्टीचं काय, तांक्रेदसाहेब?”

“अहो, मला मोटार चालवता येते.”

“आजोबाही असंच म्हणायचे.”

नगराध्यक्ष प्रुव्हो घाईघाईने मध्ये पडले. “ओदीलबाई, एका दिवसाचा तर प्रश्न आहे. पेंढ्याचे गठ्ठे लावतो की आपण.”

“पेंढा तुमच्या डोक्यात आधीच भरलाय, थोडा भिंतीलाही लावा. ही भट्टी पडली तर मी दुसरी बांधू शकणार नाही, प्रुव्हो. माझं वय बघा. मग गावाने पाव कुठून खायचा?”

प्रुव्होंनी एक बूट दुसऱ्या पायाच्या पोटरीवर घासून पुसला. असल्या माणसांचे बूट फार स्वच्छ असतात.

सकाळी कामगार पहारी घेऊन आले आणि माझ्याभोवती खणू लागले. मी गुडघाभर खोल असेन असा त्यांचा अंदाज होता. कंबरभर खड्डा झाला तरी माझा तळ लागेना. तेवढ्यात चर्चमध्ये बाराचे ठोके पडले. मित्रांनो, आमच्याकडे जेवणाची वेळ झाली की जगबुडी आली तरी हत्यार खाली ठेवतात. कामगार निघून गेले. गठ्ठे लावणारी मंडळी आली. त्यांनी खड्ड्यावर फळ्या टाकल्या, मला पेंढ्याखाली झाकले आणि तीही जेवायला गेली. तांक्रेदनी फोन करून विचारले, “दगड निघाला ना?” जेवायला बसलेल्या प्रुव्होंनी भरल्या तोंडाने सांगितले, “निघाला, निघाला.”

दोन वाजता शर्यत सुटली. मला मात्र भीती वाटत होती. भोवतालची माती गेली होती, मी हलत होतो, आणि माझ्यामागे भट्टी होती.

निळी मोटार उतारावरून आली. वळण मोकळे आहे या भरवशावर तांक्रेदनी ती थेट कोपऱ्यावर घातली. पेंढा उडाला आणि चाक माझ्यावर आले. काडकन आवाज झाला. तो आवाज माझ्या ओळखीचा होता. माझ्या डोक्याचा टवका उडाला, मी मागे कललो, भिंतीला टेकलो आणि तिथेच थांबलो. भिंतीचा एक दगडही हलला नाही. मोटार कण्यावर बसली होती. सुटलेले चाक गडगडत बेकरीच्या दारात गेले आणि ओदीलबाईंच्या पायाशी आडवे झाले.

तांक्रेद बाहेर आले. त्यांच्या मिशीत पेंढा अडकला होता, बाकी काही झाले नव्हते. ते म्हणाले, “मांजर आडवं आलं!” मग हात पुढे केला. “माझं चाक द्या.”

ओदीलबाईंनी चाकावर पाय ठेवला. “जमिनीला टेकलंय, साहेब. आणि ही पायरी माझी आहे.”

कुणीतरी फुसकन हसले आणि मग सगळी गल्ली हसली.

“ओदीलबाई, ही काय चेष्टा आहे?”

“कायद्याने बघितलं तर मोटारही टेकली आहे. पण ती ठेवायला माझ्याकडे जागा नाही, ती न्या तुम्ही.” मग पीठ लागलेला हात त्यांनी तांक्रेदच्या खांद्यावर ठेवला. “अरेरे! देवाची मर्जी!”

ते चाक आता बेकरीच्या दारावर टांगलेले आहे. ओनोरेंच्या पुतळ्याचे नाव कुणी काढत नाही. माझ्याभोवतीचा खड्डा मात्र तसाच राहिला. प्रुव्हो रोज त्याला वळसा घालून पाव न्यायला येत आणि म्हणत, “बघतो, बघतो.”

मित्रांनो, तुमच्या कोपऱ्यावरही एखादा जुना दगड असेल. त्याला हार घालू नका, त्याच्यावर कुणाचा पुतळा बसवू नका. त्याच्या बुडाची माती खचली आहे का, तेवढे बघा.

हिवाळ्याच्या पहिल्या पावसाआधी ओदीलबाईच फावडे घेऊन आल्या. त्यांनी मला पहारीने सरळ केले, खड्ड्यात माती आणि भट्टीची राख घातली आणि ती पायाने दाबून बसवली. त्यांचे गुडघे दुखत होते, त्या प्रुव्होंना शिव्या देत होत्या. माझ्यापुढे आजवर पुष्कळ माणसे वाकली, पण ती सगळी पडलेला माल उचलायला. माझ्यासाठी वाकलेल्या या पहिल्याच.