डबल बेल

"रो," लेक कार्ड दाखवत म्हणाली.

पेल्यावर चमचा एकदाच वाजला. ठण्ण.

"अहो बाबा, 'रो'च आहे हे!"

पुन्हा एकच ठण्ण. खाटेवरच्या कंडक्टरने डाव्या हाताने भिंतीवरच्या तक्त्याकडे चमचा रोखला. अक्षराच्या शेपटीला गाठ असली की 'रु', नसली तरच 'रो'. लेकीने जीभ चावली. "रु!" मग पेला दोनदा वाजला. एक बेल म्हणजे थांबा, दोन म्हणजे जाऊ द्या; नोकरीतला कायदा घरातही तोच.

ज्याचा आवाज गाडीच्या शेवटच्या बाकापर्यंत खणखणायचा, त्याची वाचा आणि उजवा हात अर्धांगवायूने नेला. डोकं मात्र शाबूत होतं. भेटायला येणारे त्याच्यादेखतच "आता काय उरलंय यांच्यात" म्हणून हळहळायचे. लेक तशी नव्हती. जपानमध्ये म्हाताऱ्यांची शुश्रूषा करायची नोकरी मिळावी म्हणून ती तिकडची हिरागाना अक्षरं शिकत होती. तिने तक्ता त्याच्यासमोर टांगला, फोनवरचे धडे उशाशी लावून दिले. "दिवसभर ऐका आणि संध्याकाळी माझी परीक्षा घ्या. मला एकटीला नाही हो जमत." इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणाचं तरी त्याच्यावाचून अडलं होतं. लेकीचे हे उपकार कसे फेडावेत, ते त्याला कळत नव्हतं.

"जन्मभर घर डोक्यावर घेतलं, अजून हौस फिटली नाही," बायको कुरकुरायची. पेला मात्र रोज तीच लख्ख घासून उशाशी ठेवायची.

एका संध्याकाळी लेक कार्डं न काढताच खाटेवर टेकली.

"बाबा, निवड झाली माझी." तिने त्याची चादर उगाच सारखी केली. "पण नाही म्हणून कळवतेय. तिकडच्या म्हाताऱ्यांना हाताला धरून चालवायचं आणि आपल्या बापाला इथे सोडायचं? नाही जमायचं मला."

"अगं, मी काय मेलेय का?" बायको दारातून म्हणाली. "अहो, सांगा की तिला!"

त्याला खूप सांगायचं होतं. तू मला पुन्हा माणसांत आणलंस, पोरी, एवढं तरी. घशातून नुसती घरघर निघाली. त्याने चाचपडत चमचा उचलला.

ठण्ण.

लेकीने डोळे पुसले. "थांबू ना?"

ठण्ण. दुसरा ठोका पडला.

लेक हुंदके देत तिथेच बसून राहिली. तेव्हा त्याने पुन्हा दोन ठोके दिले, चांगले ठणठणीत. गाडी भरली तरी ड्रायव्हर मागे बघत रेंगाळला, की द्यायचा तसे.